जुना गेम, नवा कॉम्प्युटर: आधी गेमचा काळ ओळखा, मग इलाज करा

दिवाळीच्या सुट्टीत माझा भाचा मूर्तिजापूरहून आमच्या गावी आला तो लॅपटॉप घेऊनच. आमच्या माळ्यावर पत्र्याच्या पेटीत माझ्या एमएस-सीआयटीच्या दिवसांतल्या सीड्या पडून आहेत, हे त्याला माझ्या बहिणीनं सांगून ठेवलं होतं. दोन तासांनी आतून हाक आली, “मामा, हा डेव्ह काऊन चालून नाही राहिला?” डेव्ह म्हणजे ‘डेंजरस डेव्ह’ हा जुना गेम. जाऊन पाहिलं तर स्क्रीनवर निळी पाटी: हे ॲप तुमच्या पीसीवर चालू शकत नाही. तोवर त्यानं व्हिडिओ पाहून तीन ‘फिक्स’ करणारे प्रोग्रॅम टाकले होते, आणि त्यातल्या एकानं ब्राउझरचं पहिलं पानच बदलून टाकलं होतं.

पोराची यात चूक नाही. प्रत्येक व्हिडिओ एकच उपाय सांगतो आणि तो सगळ्या गेमला लागू आहे असं भासवतो. कपाशीचं पान लाल पडलं की आपण आधी पान उलटून पाहतो. तुडतुडे आहेत की मॅग्नेशियम कमी पडलं, हे कळल्याशिवाय पंप पाठीवर घेत नाही. जुन्या गेमचंही तसंच आहे. गेम कोणत्या काळातला हे कळलं की निम्मं काम झालं, आणि ते कळायला पाच मिनिटंही लागत नाहीत. म्हणून राजेहो, काहीही डाउनलोड करायच्या आधी गेमचं फोल्डर उघडा.

फोल्डर काय सांगतं

फायलींच्या तारखा पाहा. १९९५ च्या आधीच्या असतील तर बहुतेक डॉसचा गेम. डॉस म्हणजे विंडोजच्या आधीची, काळ्या पाटीवर आदेश टाइप करून चालणारी व्यवस्था. फोल्डरमध्ये बॅट किंवा कॉम अशा शेपटीच्या फायली असतील तरी बहुधा डॉसच. आणि ‘डॉस-फोर-जीडब्ल्यू’ नावाची फाइल दिसली, तर मग शंकाच नको. डूमच्या काळातल्या कितीतरी गेमसोबत ती यायची. याउलट ढीगभर डीएलएल फायली (विंडोज प्रोग्रॅमचे सुटे भाग) असतील, सीडी टाकली की आपोआप पाटी उघडत असेल, तर तो विंडोज ९५ ते एक्सपीच्या काळातला गेम.

दुसरी खूण त्या निळ्या पाटीची. ती आली म्हणजे गेम बहुधा १६ बिटचा आहे आणि तुमचं विंडोज ६४ बिटचं. बिट म्हणजे प्रोग्रॅम एका वेळी केवढा आकडा हाताळतो त्याचं माप. ६४ बिटच्या विंडोजमध्ये १६ बिटचे प्रोग्रॅम चालवणारा भागच ठेवलेला नाही. प्रोसेसर ६४ बिटच्या पद्धतीनं चालायला लागला की डॉससाठी त्यात असलेली व्हर्च्युअल ८०८६ ही जुनी सोय बंद होते, हे त्यामागचं एक मोठं कारण. विंडोज १० ची ३२ बिटची आवृत्ती तरी होती, विंडोज ११ मात्र फक्त ६४ बिटमध्येच येतं. म्हणजे इथं कंपॅटिबिलिटीच्या (विंडोजला जुन्यासारखं वागायला लावणाऱ्या) टॅबमध्ये कितीही खुणा केल्या तरी उपयोग नाही. भाच्यानं त्यातच दीड तास घालवला होता.

डॉसचे गेम: डेव्ह, प्रिन्स आणि बाकी मंडळी

यांच्यासाठी डॉसबॉक्स. २००२ पासूनचा हा फुकट प्रोग्रॅम तुमच्या कॉम्प्युटरच्या आत एक जुना कॉम्प्युटर उभा करतो: त्याचा प्रोसेसर वेगळा, साउंड कार्ड वेगळं, डॉसही त्याचाच. मला तो सगळ्यात जास्त आवडतो, कारण आपल्या गावच्या परिस्थितीला तो बसतो. विंडोजसाठीची त्याची फाइल दोन एमबीच्याही आत आहे. रोजच्या डेटातला एक रील पाहायला जेवढं नेट लागतं त्याहून कमी. आणि दहा-बारा वर्षं जुना लॅपटॉपसुद्धा त्याला पुरतो.

आधी सी ड्राइव्हवर इंग्रजीत ‘गेम्स’ नावाचं फोल्डर करा आणि त्यात प्रत्येक गेमचं वेगळं फोल्डर. नाव आठ अक्षरांच्या आत, मध्ये जागा नको. डॉसला आठच अक्षरांची नावं समजतात, पुढची तो कापतो. ‘प्रिन्स ऑफ पर्शिया ओरिजिनल’ असं लांबलचक नाव देऊन मग फोल्डर सापडत नाही म्हणून बसायचं कारण नाही. नुसतं ‘प्रिन्स’ पुरे.

डॉसबॉक्स बसवल्यावर सगळ्यात सोपी रीत ही: गेमची मुख्य एक्झी फाइल, म्हणजे जिनं गेम सुरू होतो ती, माउसनं उचलायची आणि डेस्कटॉपवरच्या डॉसबॉक्सच्या चित्रावर नेऊन सोडायची. बस. तो स्वतःच ते फोल्डर जोडून घेतो आणि गेम उघडतो. डेव्हसारख्या एका फाइलच्या गेमला एवढंच लागतं.

हातानं करायचं असेल तर तेही शिकून घ्या, कारण पुढं सीडीच्या गेमला ते लागतंच. माझ्या एका मित्राला मी हे फोनवर सांगितलं होतं, तो शेतातल्या खोलीत लॅपटॉप घेऊन बसला होता. तसंच इथं सांगतो. डॉसबॉक्स उघडला की काळ्या पाटीवर झेड, कोलन, बॅकस्लॅश दिसेल आणि पुढं कर्सर मिचकत राहील. तिथं इंग्रजीत टाइप करा: एम-ओ-यू-एन-टी, स्पेस, सी, स्पेस, सी, कोलन, बॅकस्लॅश, गेम्स. एंटर. ‘ड्राइव्ह सी जोडला’ अशा अर्थाची ओळ आली पाहिजे. मग सी आणि कोलन, एंटर. आता झेडच्या जागी सी दिसेल. मग सी-डी, स्पेस, प्रिन्स, एंटर. शेवटी गेमच्या फाइलचं नाव, एंटर. मित्राचं पहिल्यांदा अडलं ते बॅकस्लॅशवर. त्यानं उलटी तिरपी रेघ द्यायची ती सुलटी दिली होती. तुमचंही अडलं तर आधी तीच रेघ तपासा. आणि अख्खा सी ड्राइव्ह कधी जोडू नका, फक्त गेम्सचं फोल्डर. आत काही चुकलं तरी नुकसान त्या फोल्डरपुरतंच राहतं.

दर वेळी एवढं टाइप करायचा कंटाळा येतो. स्टार्ट मेनूत डॉसबॉक्सच्या खाली ‘ऑप्शन्स’ नावाची नोंद आहे, ती उघडली की नोटपॅडमध्ये एक लांब फाइल येते. अगदी तळाशी ‘ऑटोएक्झेक’ असं लिहिलेलं असतं. त्याच्याखाली हेच आदेश एकाखाली एक लिहून सेव्ह करा. पुढच्या वेळेपासून डॉसबॉक्स उघडताच गेम समोर.

आता आवाज. पुष्कळ डॉसच्या गेमसोबत सेटअप नावाची वेगळी फाइल असते आणि ती साउंड कार्ड विचारते. तिथं साउंड ब्लास्टर निवडा. पत्ता २२०, आयआरक्यू ७, डीएमए १. हे तीन आकडे वहीत लिहून ठेवा. डॉसबॉक्सचे मूळचे आकडे हेच आहेत, म्हणून जवळपास प्रत्येक गेमला हेच चालतात. आयआरक्यूच्या जागी ५ राहून गेला की गेम चालतो पण मुका, नाहीतर आवाज सुरू होताच अडकतो.

वेगाचं पाहू. जुन्या गेमपैकी काही प्रोसेसरच्या वेगावरच चालायचे, म्हणून नव्या मशीनवर ते पळत सुटतात. कंट्रोल धरून एफ ११ दाबलं की डॉसबॉक्स हळू होतो, एफ १२ नं जोरात. वरच्या पट्टीवर ‘सायकल्स’चा आकडा बदलताना दिसेल. ३००० पासून सुरुवात करा आणि हळूहळू वाढवा. पुष्कळ लॅपटॉपवर एफच्या बटणांसोबत एफएन हे बटणही धरावं लागतं. पूर्ण स्क्रीनसाठी ऑल्ट आणि एंटर. माउस आत अडकला तर कंट्रोल आणि एफ १०.

प्रिन्स खेळणाऱ्यांसाठी एक गोष्ट वेगळी सांगतो, कारण तिच्यामुळे भाच्यानं गेमच सोडून दिला होता. तलवार चालवायला शिफ्ट दाबावी लागते. लढाईत शिफ्ट पटापट पाच वेळा दाबली गेली की विंडोज ‘स्टिकी कीज’ची पाटी मध्येच आणतं, आणि पाटी बंद करेपर्यंत पहारेकऱ्यानं आपला निकाल लावलेला असतो. गेम बिघडलेला नाही. विंडोजच्या सेटिंगमध्ये ॲक्सेसिबिलिटीत कीबोर्ड उघडा आणि पाच वेळा शिफ्ट दाबण्याचा शॉर्टकट बंद करा. तेवढ्यानं भाचा त्याच दिवशी चौथ्या लेव्हलवर पोचला. डेव्हमध्ये बंदूक कंट्रोलवर आहे आणि जेटपॅक ऑल्टवर, तिथं हा त्रास नाही.

लाइन जाते त्या गावांसाठी

प्रिन्सला साठ मिनिटांत राजकन्या सोडवायची असते, आणि आमच्याकडं त्या साठ मिनिटांत लाइन कधी जाईल याचा नेम नसतो. लॅपटॉपला बॅटरी आहे, पण डेस्कटॉप असेल तर सारी मेहनत वाया जाते. मूळ गेममध्ये कंट्रोल आणि जी दाबून सेव्ह करता येतं, पण तिसऱ्या लेव्हलपासून पुढंच. यापेक्षा बरा मार्ग म्हणजे एसडीएलपॉप. काही जाणकारांनी डॉसवरचा प्रिन्स उलगडून तो नव्यानं लिहिला आहे, त्यामुळे तो डॉसबॉक्सशिवाय थेट विंडोजवर आणि लिनक्सवर चालतो. त्यात एफ ६ दाबलं की आहे त्या जागी सेव्ह, एफ ९ नं तिथूनच पुन्हा सुरू. अवघड उडीच्या आधी एफ ६ ची सवय लावा.

मे महिन्यात दुपारी पारा ४५ च्या पुढं गेला की लॅपटॉप स्वतःला वाचवायला वेग कमी करतो आणि गेम अडखळायला लागतो. तेव्हा सेटिंग बदलत बसू नका. लॅपटॉप गादीवरून उचलून पाटावर ठेवा, खालून हवा जाऊ द्या, नाहीतर सरळ रात्री खेळा.

विंडोज ९५ ते एक्सपीचे गेम

इथं डॉसबॉक्सचं काम नाही. हे गेम बहुतेक ३२ बिटचे आहेत आणि ते आजही चालू शकतात, फक्त अडथळे एकेक करून काढावे लागतात. मी ज्या क्रमानं काढतो त्याच क्रमानं सांगतो.

गेम ‘प्रोग्रॅम फाइल्स’मध्ये बसवू नका. एक्सपीच्या काळातले गेम आपल्याच फोल्डरमध्ये सेव्हची फाइल लिहायचे, आणि नवं विंडोज त्या जागी सहजासहजी लिहू देत नाही. मग सेव्ह केलेलं दुसऱ्या दिवशी गायब. वर केलेलं गेम्सचं फोल्डरच इथंही वापरा.

आता कंपॅटिबिलिटी. एक्झी फाइलवर उजवं बटण, प्रॉपर्टीज, कंपॅटिबिलिटी. तिथं विंडोज एक्सपी, सर्व्हिस पॅक ३ निवडून पाहा. फुल स्क्रीन ऑप्टिमायझेशन बंद करण्याची खूणही करा. सगळ्या खुणा एकदम करू नका. एक करा, गेम चालवा, पाहा. नाहीतर कोणत्या खुणेनं फरक पडला हे कधीच कळत नाही.

‘डायरेक्टप्ले’ हवं अशी पाटी आली तर ते बाहेरून उतरवायचं नाही, ते विंडोजमध्येच झोपलेलं असतं. कंट्रोल पॅनेलमध्ये विंडोज फीचर्स उघडा, लेगसी कॉम्पोनंट्सच्या आत डायरेक्टप्लेवर खूण करा. ‘डीथ्रीडीएक्स नाइन’ नावाची कुठली तरी डीएलएल सापडत नाही असं म्हणालं, तर मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून डायरेक्टएक्सचं, म्हणजे गेमचं चित्र आणि आवाज सांभाळणाऱ्या विंडोजच्या भागाचं, जून २०१० चं रनटाइम घ्या. विंडोजमध्ये नवं डायरेक्टएक्स असतं हे खरं, पण या जुन्या फायली त्यात येत नाहीत. सुटी डीएलएल देणाऱ्या साइटवरून एकेक फाइल आणून टाकणं मात्र कटाक्षानं टाळा. भाच्याच्या लॅपटॉपमध्ये घाण आली ती याच वाटेनं.

रंग बिघडणं हे या काळातल्या गेमचं जुनं दुखणं. एज ऑफ एम्पायर्स-२ सारख्या २५६ रंगांच्या गेममध्ये गवत लालसर आणि पाणी जांभळं दिसतं. इथं डीजी-व्हूडू-२ कामी येतं. हा जुन्या डायरेक्टएक्सचं बोलणं नव्या ग्राफिक्सला समजेल असं करून देणारा दुभाषी आहे. उतरवलेली झिप उघडा, त्यात ‘एमएस’ आणि त्याच्या आत ‘एक्स-८६’ नावाचं फोल्डर आहे, तिथल्या डीएलएल फायली गेमच्या फोल्डरमध्ये, एक्झीच्या शेजारी नेऊन ठेवा. विंडोजच्या सिस्टीम फोल्डरमध्ये चुकूनही टाकू नका, गेमच्या शेजारीच. नाही जमलं तर त्या फायली पुसल्या की सारं पूर्ववत, म्हणून प्रयोग करायला भीती नको.

आता सगळ्यात जास्त छळणारी गोष्ट: सीडी आत आहे, फिरतेही आहे, तरी गेम म्हणतो सीडी टाका. तेव्हाच्या पुष्कळ गेमवर सेफडिस्क किंवा सेक्युरॉम नावाचं कुलूप होतं. सेफडिस्कचं कुलूप उघडायला विंडोजमधला एक ड्रायव्हर लागायचा. त्यात सुरक्षेची फट निघाल्यामुळे २०१५ मध्ये मायक्रोसॉफ्टनं तो बंद केला, आणि विंडोज १० मध्ये तो दिलेलाच नाही. म्हणजे तुमची सीडी अस्सल असली, एक ओरखडा नसला, तरी हा गेम त्या सीडीवरून उघडणार नाही. कुलूप तोडलेल्या एक्झी नेटवर मिळतात, पण त्यांच्यासोबत काय येईल याचा भरवसा नाही. मी दोनच रस्ते सांगतो. गेमच्या कंपनीनं सीडीची अट काढणारा अधिकृत पॅच दिला आहे का ते शोधा. नाहीतर तोच गेम जीओजीवर विकत घ्या. २००८ पासून ही साइट जुने गेम कुलूप काढून, नव्या विंडोजवर चालतील असे करून विकते. डॉसचे गेम तर डॉसबॉक्ससकट बांधून देते.

राहिले विंडोज ३.१ चे १६ बिटचे गेम. थोडे आहेत, पण कोणाकडं असले तर विंडोजवर ओटीव्हीडीएम नावाचा छोटा प्रोग्रॅम त्यांना चालवतो. लिनक्सवाल्यांना वाइन पुरतं. ते १६ बिटचे आणि ३२ बिटचे दोन्ही विंडोज गेम चालवतं. जुन्या लॅपटॉपवर विंडोज ११ चढत नाही म्हणून ज्यांनी लिनक्स टाकलं, त्यांना कधीकधी एक्सपीच्या काळातला गेम विंडोजपेक्षा तिथं सहज चालताना दिसेल.

पेटीतल्या सीड्या वाचवा

हे काम मी सगळ्यांना आधी करायला सांगतो, गेम नंतर. पत्र्याच्या छताखाली माळ्यावर ठेवलेली सीडी वीस उन्हाळे सोसून वाकते, तिचा चकाकता थर मागून सुटायला लागतो. सीडी उजेडासमोर धरा. आरपार टाचणीएवढे ठिपके दिसले तर समजा की वेळ थोडा आहे. धूळ मऊ सुती कापडानं पुसा, पण मधल्या भोकाकडून सरळ कडेकडं, गोल फिरवून नाही. गोल पुसताना ओरखडा पडला तर तो एकाच माळेतला बराच मजकूर खातो, आडवा ओरखडा ड्राइव्ह पुष्कळदा सावरून घेतो.

मग यूएसबीवरचा डीव्हीडी ड्राइव्ह जोडा. गावात एकाकडं असला तरी सगळ्यांचं काम होतं. इमेजबर्नसारख्या फुकट प्रोग्रॅमनं सीडीची इमेज, म्हणजे अख्ख्या सीडीची फाइलमधली नक्कल, करा. साध्या सीडीला आयएसओ चालते. पण १९९६ च्या क्वेकसारख्या गेमचं संगीत सीडीवर गाण्यांसारखं वेगळ्या ट्रॅकमध्ये असतं, आणि आयएसओत ते येतच नाही. अशा सीडीची बिन आणि क्यू अशी जोडी करा. डॉसबॉक्सला ती इमजीमाउंटच्या आदेशानं जोडता येते. मी माझ्या पहिल्या चार सीड्या आयएसओ करून मोकळा झालो होतो. पुढं दोन गेम मुके निघाले आणि तोवर एक सीडी वाचायच्या पलीकडं गेली होती.

स्वतः विकत घेतलेल्या गेमची अशी राखीव प्रत करायला आपला कॉपीराइट कायदा परवानगी देतो, कलम ५२ मध्ये तशी तरतूद आहे. पण ‘अबँडनवेअर’ म्हणून नेटवर जे फुकट मिळतं त्याला कायद्यात तसा वेगळा दर्जा नाही. कंपनी बंद पडली म्हणून हक्क संपत नाही. पैसे खर्च करायचे नसतील तर चोख मार्गानं मिळणारं कमी नाही. डूमचा पहिला भाग, नऊ लेव्हलचा, सुरुवातीपासूनच शेअरवेअर म्हणून फुकट वाटायला होता. डूमसारखाच फ्रीडूम तर पूर्ण मोकळा आहे. ओपनटीटीडी हा १९९४ च्या ट्रान्सपोर्ट टायकूनवरून लोकांनी नव्यानं लिहिलेला गेम मूळ सीडीशिवाय चालतो. रेल्वे, बस, माल यांचं जाळं उभारायचं असतं, आणि ‘शकुंतला’ या जुन्या छोट्या रेल्वेच्या रुळांच्या आठवणीत वाढलेल्या आमच्या भागातल्या पोरांना तो फार लवकर धरतो.

जपून ठेवलेल्या पेटीतून काय निघू शकतं ते पाहा. प्रिन्स ऑफ पर्शिया लिहिणारे जॉर्डन मेकनर यांचा मूळ सोर्स कोड वर्षानुवर्षं हरवलेला होता. २०१२ मध्ये त्यांच्या वडिलांना घरातल्या एका खोक्यात त्या फ्लॉपी सापडल्या, त्यातलं सगळं वाचून निघालं, आणि तो कोड आता जगासाठी खुला आहे.

शेवटचं काम वहीचं. प्रत्येक गेमला एक पान: गेमचं नाव, काळ, कशावर चालला, सायकल्स किती, साउंडचे आकडे, कोणती खूण केली. गेमचं चालू झालेलं फोल्डर, डॉसबॉक्सची ती ऑप्शन्सची फाइल आणि सीडीच्या इमेज, हे तिन्ही एका पेनड्राइव्हवर आणि एका वेगळ्या हार्ड डिस्कवर उतरवा. भाच्याच्या वहीत सध्या सहा पानं भरली आहेत. डेव्हच्या पानावर त्यानं खाली लिहिलंय: “आठव्या लेव्हलवर मामा अजून अडकून आहे.”